क्लबच्या सभेला वक्ते सुचवा, आणि मानधनाचं काय करावं तेही सांगा

कृष्णाकाठचा
११ मे, रात्री १०:२०

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या तालुक्याच्या गावात एक सेवाभावी क्लब आहे, त्यात मी नऊ वर्षं सभासद आहे. कुठला ते विचारू नका. दर आठवड्याला सभा, सभेआधी घंटा, सभेनंतर जेवण. एवढ्यावरून कुणी ओळखलंच तर मनात ठेवा.

१ जुलैला आमचं नवीन वर्ष सुरू होतं आणि यंदा कार्यक्रम समितीची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. ज्या सभेत ही निवड झाली त्या सभेला मी नव्हतो, एवढीच माझी पात्रता.

सणवार वगळून वर्षाला साधारण चाळीस वक्ते लागतात. बोलायला वीस मिनिटं, प्रश्नांना दहा. मानधन नाही. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि जेवण. लांबून कुणी आलं तर पेट्रोल.

गेल्या वर्षीची यादी समोर घेऊन बसलोय. अर्थसंकल्पावर सीए, गुडघेदुखीवर डॉक्टर, मनःशांतीवर एक बाई, त्यानंतर पुन्हा मनःशांतीवर दुसऱ्या बाई, एका सभासदाची कैलास-मानसरोवर यात्रा (दोनशे चाळीस फोटो, मोजले आहेत), आणि 'निवृत्तीचं नियोजन' या विषयावर एक गृहस्थ, ज्यांनी शेवटी सगळ्यांना विम्याचे फॉर्म वाटले. चाळीसपैकी किती आठवतात असं परवा जेवताना विचारलं. मानसरोवर सगळ्यांना आठवलं, कारण त्या दिवशी जेवण थंड झालं होतं.

दुसरीकडे आमचे उपक्रम. रक्तदान, मोतीबिंदू शिबिर, शाळेला बाक, शाळेला पाण्याचं यंत्र, वृक्षारोपण. तेही दरवर्षी तेच, आणि खड्डेसुद्धा तेच.

तर प्रश्न दोन. वक्ते कुठून आणायचे? आणि मानधन द्यावं का? नावं सुचवलीत तरी चालेल, विषय सुचवलात तर जास्त बरं.

चहाटळ
११ मे, रात्री १०:३१

पहिला वक्ता म्हणून तुम्ही स्वतःच उभे राहा. विषय: 'सभेला गैरहजर राहण्याचे तोटे'.

दुपारची_झोप
११ मे, रात्री १०:४४

आमच्याकडे वक्त्याची ओळख करून देणारा माणूस "यांना परिचयाची गरज नाही" असं म्हणून दोन पानी परिचय वाचतो. मग वीस मिनिटांतली बारा उरतात. आभार मानणारा पुन्हा भाषणाचा सारांश सांगतो. वक्ता बदलण्याआधी हे दोघे बदला.

माईकवाला
११ मे, रात्री ११:१५

मानधनावर बोलतो, कारण मी त्याच धंद्यात आहे. गेली अठरा वर्षं व्याख्यानं देतो. मंडपवाल्याला तुम्ही पैसे देता. केटररला देता, हॉलवाल्याला देता, ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ देता. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं त्यालाच तेवढी शाल. वर "आपण समाजासाठी करतोय सर" हे ऐकवायचं. अहो, केटररसुद्धा समाजातलाच आहे की.

माझ्या कपाटात आजघडीला एक्केचाळीस शाली आहेत. बायकोने ताकीद दिली आहे की बेचाळिसावी आली तर तीच पांघरून बाहेर झोपायचं.

एक लक्षात घ्या. सिंधुताई सपकाळ गावोगाव भाषणं करून मिळालेल्या पैशांवर मुलांची पोटं भरत होत्या. संस्थेचा माणूस तुमच्याकडे बोलायला येतो तेव्हा त्याचा एक दिवस जातो, आणि त्या दिवशी संस्थेत कुणी तरी त्याच्या जागी राबत असतं. त्याचं पाकीट तरी द्या.

लेखापाल
१२ मे, सकाळी ८:०५

@माईकवाला, तुमचं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही पाहा. क्लबची वर्गणी हा सभासदांच्या खिशातला पैसा. त्यातून सभा, जेवण, वरच्या कार्यालयाचा हिस्सा. लोकांकडून उपक्रमासाठी गोळा केलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो. त्यातून वक्त्याला मानधन दिलं तर मी हिशेबनीस म्हणून सही करणार नाही. त्यामुळे मानधन द्यायचं तर जेवणातला गुलाबजाम कमी करा. ते तुमच्या क्लबला जमेल का हे तुम्हीच ठरवा.

चहाटळ
१२ मे, सकाळी ८:११

गुलाबजाम कमी केला तर क्लब बंद पडेल. घंटा वाजवायलाही कुणी येणार नाही.

वेंगुर्ल्याची_सून
१२ मे, सकाळी ९:३०

मी 'अ‍ॅन' होते. नव्या लोकांना सांगते, रोटेरियनच्या बायकोला अ‍ॅन म्हणायचे आणि मुलांना अ‍ॅनेट. माझं नाव अ‍ॅन नाही हे मी पहिल्या पदग्रहणालाच सांगून टाकलं होतं, तरी पत्रिकेवर तेच छापून आलं. जगभरात रोटरीने बायकांना सभासद करून घ्यायला १९८९ साल उजाडलं. संस्था सुरू झालेली १९०५ साली, शिकागोत. म्हणजे ८४ वर्षं आम्ही बटाटेवडे मोजत होतो. आता मी स्वतः सभासद आहे आणि वडे यजमान लोक मोजतात. चुकतात.

मुद्द्यावर येते. आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले ते एका मासे विकणाऱ्या मावशींना. विषय ठेवला होता 'ताजा मासा कसा ओळखावा', पण त्या बोलल्या भलत्यावरच. पहाटे लिलावाला गेलं की बायकांना तिथे स्वच्छतागृह नाही, म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही, म्हणाल्या. हॉलमध्ये चिडीचूप. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही लिलावाच्या जागेजवळ दोन स्वच्छतागृहं उभी केली आणि चावी मावशींच्याच बचत गटाकडे दिली. तो उपक्रम आमच्या समितीला वर्षभर बसून सुचला नसता, कारण समितीतल्या कुणाला पहाटे चार वाजता तिथे जायची वेळ येत नाही.

त्यांना शाल दिली तेव्हा म्हणाल्या, "ही गरम होतली. त्यापेक्षा बर्फाक पैसे दिलास तर बरा."

कृष्णाकाठचा
१२ मे, सकाळी १०:०२

@वेंगुर्ल्याची_सून, हे भारी आहे. म्हणजे वक्ता मोठा नको, गरजवंत हवा?

निवृत्त_मास्तर
१२ मे, दुपारी १२:४०

धागाकर्त्यांनी शाळेला दिलेल्या पाण्याच्या यंत्राचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. आम्हालाही एका क्लबाने आरओ यंत्र दिले. समारंभ झाला, फीत कापली गेली, मुलांनी स्वागतगीत म्हटले. माझ्याकडून आभाराचे भाषण झाले. ते चांगले झाले असे सर्व म्हणाले.

आता यंत्राची गोष्ट. आमच्या गावच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला १९० मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत पाणी निर्धोकपणे चालते. म्हणजे क्षार काढण्याची गरजच नव्हती. साधा गाळ व जंतू यांचा बंदोबस्त पुरेसा होता. आरओ यंत्र मात्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. आमच्याकडे मार्चपासून टँकर. टँकरचे पाणी यंत्रात ओतायचे आणि निम्म्याहून जास्त मोरीत सोडायचे, हे मी चौथीच्या मुलांना कोणत्या तोंडाने समजावून सांगणार?

वर्षभराने गाळण्या बदलायची वेळ आली. खर्च साडेचार हजार. शाळेकडे त्यासाठी पैसे नाहीत, क्लबचे अध्यक्ष बदललेले. नवीन अध्यक्षांना दूरध्वनी केला तर म्हणाले, "तो मागच्या वर्षीचा प्रकल्प." यंत्राला कुलूप घातले. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र अजून स्वच्छ आहे. ती पुसायला पाणी कमी लागते.

त्या क्लबाने मला दोनदा वक्ता म्हणून बोलावले होते. दोन्ही वेळा विषय 'संस्कार'. यंत्राविषयी बोला असे कुणी म्हटले नाही. मीही बोललो नाही, हा माझाही दोष आहेच.

दुपारची_झोप
१२ मे, दुपारी १:०५

मास्तर, साष्टांग.

पॉपकॉर्न_मावशी
१२ मे, दुपारी १:०९

+१. "तो मागच्या वर्षीचा प्रकल्प" हे वाक्य सगळ्या क्लबांच्या पाटीवर कोरून ठेवायला हवं.

लेखापाल
१२ मे, दुपारी २:३०

मास्तरांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. अध्यक्ष दर वर्षी बदलतो हे या क्लबांचं बलस्थान आणि तीच गोची. कुणी खुर्चीला चिकटत नाही हे खरं, पण प्रत्येकाला स्वतःच्या वर्षात फीत कापायची असते. जुन्या यंत्राची गाळणी बदलली तर फोटो कशाचा काढणार?

पैशाची रचनाही तशीच आहे. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला, म्हणजे मोठ्या अनुदानाला, प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो. त्याआधी गावात जाऊन गरज तपासली पाहिजे असा नियमही आहे, आणि नियम चांगला आहे. पण साडेचार हजारांच्या गाळणीला डॉलरमध्ये कोण विचारतो? मग छोट्या गरजेला फुगवून मोठं करायचं, नाहीतर ती सोडून द्यायची. आम्ही गेल्या वर्षी एक ठराव केला: उपक्रमाच्या खर्चातला दहावा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि तीन वर्षं त्यातून दुरुस्ती. भांडणं झाली. ठराव एका मताने पास झाला. ते मत माझं नव्हतं, मी बैठकीत तटस्थ असतो.

डॉ_खोकला
१२ मे, रात्री ९:२०

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही फुकट.

एक, रक्तदान. १५ ऑगस्टला सगळे क्लब एकदम शिबिर घेतात. शिवाय नेत्यांचे वाढदिवस. रक्तातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. म्हणजे ऑगस्टात घेतलेलं रक्त दिवाळीपर्यंतही पुरत नाही. खरी मारामार एप्रिल-मेमध्ये असते, कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन. तेव्हा शिबिर घ्या. माणसं कमी येतील, फोटोत गर्दी दिसणार नाही, पण रक्तपेढीवाला तुम्हाला दुवा देईल. वर्षाची आखणी करतानाच रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला वक्ता म्हणून बोलवा, तो महिन्याचा तक्ता मांडेल. त्याला आजवर कुणी व्यासपीठावर बसवलेलं नसतं.

दोन, गुडघेदुखीवर डॉक्टर बोलवणं बंद करा. मीच तो डॉक्टर आहे. मलाही कंटाळा आलाय.

बे_एरियातला_बंड्या
१३ मे, पहाटे ४:५५

इथे आमच्या गावातल्या क्लबात सकाळी सातला न्याहारीची सभा असते. वक्त्याला वीस मिनिटं झाली की अध्यक्ष घंटेकडे नुसतं बघतो, वक्ता बसतो. शाल-बिल काही नाही. वक्त्याच्या नावाने जवळच्या प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला लहान मुलांचं एक पुस्तक जातं, पहिल्या पानावर वक्त्याची सही. चाळीस वक्ते, चाळीस पुस्तकं. माझा लेक शाळेतून एक पुस्तक घेऊन आला, आत आमच्या शेजारच्या अग्निशामक दलवाल्याची सही!

तुमच्याकडे हे सहज जमेल. स्मृतिचिन्ह तीनशे-चारशेला पडतं, आणि ते पुढे टीव्हीवर धूळ खातं.

माईकवाला
१३ मे, सकाळी ७:३०

@बंड्या, ही कल्पना माझ्या बायकोला दाखवली. तिने तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत.

लसवाल्या_ताई
१३ मे, सकाळी ११:१०

इथे क्लबांची फार टवाळी चाललीय म्हणून लिहिते. मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त. १९९५ पासून पल्स पोलिओ केलं. रोटरीने १९८५ पासून पोलिओचं काम अंगावर घेतलं होतं, जगभर. ते दिल्ली-जिनिव्हात काय होतं ते मला माहीत नाही. मला माहीत आहे ते रविवारी सकाळचं. बूथवर बर्फाची पेटी घेऊन आम्ही दोघी, आणि क्लबची माणसं जीप घेऊन हजर. वीटभट्टीवर, पालावर, यात्रेत, जिथे आमची पायपीट व्हायची तिथे ते सोडायचे. कापडाच्या दुकानाचे मालक डाव्या करंगळीला शाई लावायला बसायचे. एका वर्षी एका सराफाने दिवसभर लेकरांना खेळवलं, कारण शिट्ट्या वाटायचं काम त्याच्याकडे होतं. डोकं दुखून रात्री झोपला नाही म्हणे.

देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी मला त्या सराफाचा फोन आला होता. तुम्ही यंत्रावर हसा, हसायलाच पाहिजे. पण हेही झालंय. आणि ते झालं कारण वीस-पंचवीस वर्षं एकच काम धरून ठेवलं. अध्यक्ष बदलले, रविवार बदलला नाही.

निवृत्त_मास्तर
१३ मे, दुपारी १२:१५

ताई, आपले म्हणणे शिरोधार्य. माझ्या शाळेत बूथ असे. त्या शिट्ट्यांचा आवाज मला सोमवारपर्यंत ऐकू येत असे.

जाता जाता: पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. ती परंपरा आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात रुजली आहे. क्लबाने स्वतःच्या पंचवीस माणसांसमोर वक्ता उभा करण्यापेक्षा गावच्या व्याख्यानमालेचा एक दिवस उचलावा. श्रोते आयते मिळतात.

चहाटळ
१३ मे, दुपारी १२:२२

पण मास्तर, व्याख्यानमालेत जेवण नसतं.

अजगर_नव्हे_धामण
१३ मे, रात्री १०:४०

मास्तरांचा शेवटचा मुद्दा मी उलटा करून मांडतो. श्रोते आयते शोधू नका, ज्याला त्या भाषणाची गरज आहे तो श्रोता शोधा.

मी साप पकडतो. वनखात्याला कळवून सोडून देतो. दरवर्षी दोन-तीन क्लब मला बोलावतात. एसी हॉल, गुळगुळीत फरशी, ऐकणारे सगळे तिसऱ्या मजल्यावर राहणारे. मी नाग, मण्यार, घोणस, फुरसं दाखवतो. लोक विचारतात, साप दूध पितो का, डूख धरतो का. पुंगी ऐकतो का. शाल मिळते. मी घरी.

तीन वर्षांपूर्वी एका सभेनंतर मी जेवलो नाही. सचिवांना म्हणालो, मला आत्ता गाडीतून कारखान्याच्या मागे सोडा. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचा तळ होता तिथे. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, आत जमिनीवर गोधड्या. चुलीच्या उजेडात तेच चार फोटो दाखवले. इथे कुणी दूध-पुंगी विचारलं नाही. एका बाईने विचारलं, "चावल्यालं दिसलंच न्हाई तर कसं वळखायचं?"

हाच मण्यारचा खरा प्रश्न. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही. खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, वाटतं शिळं खाल्लं. मग पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही, श्वास अडकतो. तोवर कुणी ओवा देतं, कुणी अंगारा. बांधू नका, कापू नका, चोखू नका. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं, तडक तिथे न्या, आणि श्वासाचं यंत्र असेल तिथे लवकर पोचवा. हे सगळं पाच मिनिटांत सांगून होतं. आणि टाळायचं कसं? उंचावर झोपा, नाहीतर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. बस्स.

सचिव गाडीत गप्प होते. पुढच्या महिन्यात त्यांच्या क्लबने सत्तर मच्छरदाण्या दिल्या. माझ्या वीस वर्षांच्या भाषणांतलं कामाला आलेलं भाषण म्हणजे ते, चुलीपुढचं.

कृष्णाकाठचा
१३ मे, रात्री ११:०५

@अजगर_नव्हे_धामण, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्याकडे दोन कारखाने आहेत, तळ माझ्या घरापासून चार किलोमीटरवर. नऊ वर्षांत मी तिथे एकदाही उतरलो नाही. गमबूटही द्यावेत का? घोणस पायालाच चावते ना?

बालाघाटी
१३ मे, रात्री ११:३८

थांबा. बीडकर बोलतोय. माझे आई-वडील ऊस तोडायला कोयत्यावर जायचे (एक कोयता म्हणजे तोडणी करणारं एक जोडपं), मी तोडणी मजुरांच्या मुलांसाठीच्या साखरशाळेत शिकलो.

गमबूट नका देऊ. एका संस्थेने दिले होते. उसाच्या फडात चिखल, त्यात पाणी शिरतं, पाय घामेजतो, चालता येत नाही. तोडणीचा पैसा टनावर असतो. ज्या वस्तूने हात मंदावतो ती वस्तू कुणी घालत नाही, साप चावो नाहीतर वाघ. मार्चमध्ये गावी परत आलो तेव्हा आमच्या आईने त्या बुटांत बियाणं भरून ठेवलं होतं. दोन वर्षं चांगलं राहिलं, उंदीर शिरला नाही. एवढा उपयोग झाला.

मच्छरदाणी चालेल. पण टांगायची मच्छरदाणी नको. कोपी कमरेएवढी, आत टांगणार कशाला? छत्रीसारखी उघडणारी घ्या.

आणि ते मोतीबिंदू शिबिर. आमच्या गावात एकदा जानेवारीत झालं. डॉक्टर चांगले, ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात नेऊन केलं, आणून सोडलं, काही तक्रार नाही. पण जानेवारीत गाव रिकामं असतं हो. दसऱ्यानंतर सगळे कोयते बाहेर. मागे म्हातारी आणि लेकरं. थेंब महिनाभर घालायचे, दिवसातून चार-सहा वेळा. आमच्या आजीच्या डोळ्यात ते माझा तिसरीतला चुलत भाऊ घालायचा. बाटलीचं टोक डोळ्याला लागायचं, आजी शिव्या द्यायची, तो पळून जायचा. सुदैवाने डोळा वाचला. हेच शिबिर मे महिन्यात ठेवलं असतं तर घरात सून असती, लेक असता.

तुमच्या समितीने गावातल्या एका माणसाला बोलावून "आमच्या गावचं वर्ष कसं असतं" एवढं सांगायला लावलं असतं तर तारीख चुकली नसती. तोच तुमचा वक्ता.

डॉ_खोकला
१४ मे, सकाळी ७:५०

बालाघाटी, आम्ही शिबिरं थंडीत ठेवतो. उन्हाळ्यात जखम चिघळते असं लोकांच्या डोक्यात बसलंय म्हणून. खरं तर आजच्या शस्त्रक्रियेला ऋतूचा काही संबंध नाही. लोकांच्या समजुतीला मान दिला आणि लोकांचं वेळापत्रक बघितलं नाही. चूक कबूल.

पॉपकॉर्न_मावशी
१४ मे, सकाळी ८:१५

हा धागा वाचनखूण साठवला.

दुपारची_झोप
१४ मे, दुपारी ३:४०

अवांतर: महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध लागू पडतं हे त्यांनी कोकणात रुग्ण बघता बघता दाखवून दिलं. त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. सांगायचं हे की आपल्याकडे अशी माणसं आहेत. आपण बोलावतो मनःशांतीवाल्यांना.

मनःशांती_साधक
१४ मे, दुपारी ३:५२

मनःशांतीवाल्यांवर इतका राग का? मी स्वतः बोलतो या विषयावर. लोक रडतात, हलके होतात.

चहाटळ
१४ मे, दुपारी ३:५५

रडतात कारण तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात आणि जेवण समोर दिसत असतं. (ह.घ्या., म्हणजे हलके घ्या.)

मनःशांती_साधक
१४ मे, दुपारी ४:१०

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

वेंगुर्ल्याची_सून
१४ मे, सायंकाळी ६:२०

साधक, मनावर घेऊ नका. एक वक्ता तुमच्याही विषयाचा हवाच. फक्त चाळीसात दोन नकोत.

कृष्णाकाठचा
१५ मे, रात्री ९:३०

काल समितीची बैठक झाली. हा धागा छापून नेला होता (मोबाईलवर कुणी वाचत नाही). चर्चा अडीच तास, चहा तीनदा.

ठरलं ते सांगतो. महिन्यातल्या चारपैकी एक सभा हॉलबाहेर. जुलैत रक्तपेढीचे तंत्रज्ञ, रक्तदान शिबिर १५ ऑगस्टवरून हलवून एप्रिलच्या शेवटी. अध्यक्ष नाराज आहेत, झेंडावंदनाचा फोटो हुकतो म्हणून. त्यांना म्हटलं, झेंडावंदन करा ना, कोण नको म्हणतंय. मोतीबिंदूची तारीख गावांना विचारून. स्मृतिचिन्हाऐवजी बंड्याचं पुस्तक, हे एका आवाजात मंजूर. प्रवासखर्च सगळ्यांना, आणि संस्थेचं काम करणाऱ्याला पाकीट. त्यासाठी सभेच्या जेवणातला एक गोड पदार्थ रद्द. गुलाबजाम वाचला, जिलेबी गेली.

आमच्या जुन्या पाण्याच्या यंत्राचीही चौकशी केली. शाळेत गेलो. मास्तर, तिथेही कुलूप आहे. किल्ली कुणाकडे ते शिपायालाही ठाऊक नाही. पाणी तपासायला दिलंय.

पदग्रहणाला पाहुणे मात्र अजून ठरत नाहीत. अध्यक्षांना टीव्हीवरचं कुणीतरी हवंय.

नोव्हेंबरात धामणवाले तळावर येणार. मच्छरदाण्यांचा भाव काढलाय, सहा बाय चारची छत्रीवाली. साठ घेतोय.

बालाघाटी
१५ मे, रात्री ९:५२

सहा बाय चार नका घेऊ. एका कोपीत नवरा-बायको, दोन-तीन लेकरं, कधी म्हातारी. सहा बाय चारात लेकरं मावतील आणि आईबाप बाहेर. सगळ्यात मोठी कुठली येते ते विचारा. तळाला कापड शिवलेलं आणि चेन असलेली बघा. खोचायला कुणाला जमतंय, दिवसभर मोळ्या उचलून आल्यावर.

आणि साठ मोजू नका. आधी मुकादमाला विचारा किती कोयते येणार. मी नंबर देतो, व्यनित.

कृष्णाकाठचा
१५ मे, रात्री १०:०१

द्या. उद्याच बोलतो. अजून काही?

बालाघाटी
१५ मे, रात्री १०:०६

डिसेंबरात फडात फार थंडी पडते. पांघरायला काही असलं तर.

चहाटळ
१५ मे, रात्री १०:०८

माईकवाल्यांकडे एक्केचाळीस शाली आहेत.

माईकवाला
१५ मे, रात्री १०:१५

पत्ता व्यनि करा. बायको आत्ताच बांधायला लागली आहे.